कवडूभाऊंची शहरातली गाणी

आमच्या आणि शेजारच्या घराच्या मधली भिंत एकाच विटेची होती. त्यामुळे कवडूभाऊंचा चेहरा पाहण्याच्या चार दिवस आधी मी त्यांचा आवाज ऐकला. सकाळी साडेसहाच्या सुमारास मी डबे भरत असे. तेवढ्यात भिंतीपलीकडून गाण्याची एक ओळ यायची आणि मध्येच थांबायची. ती खोकला आला म्हणून थांबत नसे. सूर नीट वर चढायचा, एका जागी टेकायचा आणि पुढे काहीच यायचे नाही. अर्ध्या मिनिटाने पुन्हा तीच अर्धी ओळ यायची आणि त्याच जागी थांबायची. मी शाळेत मराठी शिकवत असे आणि वाक्य अर्धे सोडणाऱ्या मुलाला उभे करीत असे. चौथ्या दिवशी मी यजमानांना म्हटले, "पलीकडच्या गृहस्थांनी एकदा ती ओळ पूर्ण केली, तर माझी पोळी करपायची थांबेल."

पाचव्या दिवशी ते स्वतः दारात आले. उंच, हडकुळे शरीर, धोतरावर पांढरा सदरा, खांद्यावर दुपट्टा, जाड भिंगांचा चष्मा. मी सहामाहीच्या वह्या तपासत बसले होते. "बाई, नाव काय वो तुमचं?" हा त्यांचा पहिला प्रश्न. कोणी वर्गणी मागायला आले असावे, अशा समजुतीने मी म्हणाले, "साहेब घरी नाहीत, नंतर या," आणि दार लावून घेतले. हा प्रसंग मला सांगितलाच पाहिजे, कारण पुढे त्याचे गाणे झाले.

ही चंद्रपूरची गोष्ट आहे आणि ऐंशीनंतरच्या चार-पाच वर्षांतली. कोळशाच्या खाणीत काम करणाऱ्यांच्या वस्तीला लागून बारा घरांची आमची लाईन होती आणि लाईनच्या टोकाला सर्वांचा मिळून एक नळ. शेजारी शांता राहत असे. तिचा नवरा खाणीत कामाला होता. कवडूभाऊ तिचे वडील. गाव वडशाजवळचे, धानाच्या मुलखातले. शांताची आई आदल्या वर्षी वारली. कवडूभाऊंची नजर अधू झालेली, त्यात ते दोनदा बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, पडले. दुसऱ्या वेळी तर दुपारपर्यंत तसेच पडून होते आणि गावात कोणाला पत्ताच नव्हता. तेव्हा शांता स्वतः गेली आणि त्यांना घेऊन आली. ते कोण आहेत, हे मला बरेच दिवस ठाऊक नव्हते. आमच्या शाळेचा शिपाई ब्रह्मपुरीकडचा होता. त्याने त्यांना एकदा आमच्या ओट्यावर पाहिले आणि हातातली घंटा खाली ठेवून नमस्कार केला. मग मला म्हणाला, "बाई, तुमाले माहीत नाई? थंडीत आमच्याकडे नाटक आलं का लोक पयले इचारते, कवडूभाऊचं गानं हाये का? असन तरच तिकीट काढते."

पुढे ओट्यावर बसून त्यांनी मला स्वतःची हकिकत थोडी थोडी सांगितली. तरुणपणी ते दंडारीत, गावच्या नाचगाण्याच्या खेळात, दुसऱ्यांची गाणी म्हणत. घरच्या मंडळींनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, त्या वर्षी त्यांनी स्वतःचे पहिले गाणे केले. "देवाची गानी दुसऱ्यानं केली होती, ती सोडली," ते म्हणत. "आता मानसाची कराले कोनी नव्हतं, म्हून मीच कराले लागलो." त्यानंतर पंचवीसेक वर्षे त्यांनी जयंतीची गाणी केली, नाटकांची केली, रोवणीची केली. वडशाच्या एका माणसाने त्यांच्या दोन कॅसेटीही भरल्या होत्या, नाटकाच्या मंडपातच, माणसांच्या गलक्यासकट.

त्यांची गाणे करण्याची रीत मी मुद्दाम विचारून घेतली. रोवणीच्या दिवसांत बायका बांधीत वाकून धान लावतात आणि त्यांना परे, म्हणजे धानाची रोपे, पुरवायला एक माणूस लागतो. ते काम कवडूभाऊ करीत. बांधीच्या कडेच्या धुऱ्यावरून पऱ्यांच्या पेंड्या टाकता टाकता ते गाण्याचीही अर्धी ओळ टाकीत.

"तुमी गानं कागदावर तपासता, बाई. मी बांधीत तपासतो," ते म्हणाले.

"म्हणजे कसे?"

"अर्धी ओळ मी टाकतो. उरलेली बायायनं उचलली, तं गानं जितं. नाई उचलली, तं दुसऱ्या दिवशी पुन्हा टाकतो. तीन दिवस टाकूनबी कोनी उचललं नाई, तं तिथीच बांधीत गाडून टाकतो."

"अशी किती गाडली असतील?"

"आमच्या गावचं धान येवढं चांगलं काऊन पिकते, मंग?"

मी हसले आणि घरात येऊन वहीत लिहून ठेवले: 'अर्धी ओळ टाकणे. उरलेली श्रोत्यांनी उचलणे. मुदत तीन दिवस. नंतर निकाल.' खाली लाल शाईने रेघ मारली. आपल्याला एक लोकरीत नेमकी समजली, याचे मला समाधान वाटले. ती मला किती समजली होती, ते लवकरच दिसायचे होते.

सकाळच्या अर्ध्या ओळीचे कोडेही मला तेव्हा उलगडले. ती गावाकडची, तिकडे लहान मुलांनाही पाठ असलेली ओळ होती. शहरात ती कोणी उचलते का, हे ते पाहत होते. भिंतीपलीकडे मी होते आणि मी पोळ्या करीत होते. महिन्याभराने ती ओळ बंद झाली. खरे सांगायचे तर मला तेव्हा बरे वाटले होते.

शांताला मात्र बरे वाटत नव्हते. एक दिवस ती नळावर मला म्हणाली, "बाबा जेवते, झोपते, पोट्ट्याईले खेळवते. पन गात नाई, बाई. माय गेली तवाबी गात होता बाबा. गानं नाई तं हा मानूस कशावर जगन?" सहा महिने असेच गेले. ते दिवसभर ओट्यावर बसून नळाकडे पाहत असत.

त्यांचे गाणे परत आले ते यमुनाबाईच्या कोंबड्यामुळे. यमुनाबाई लाईनच्या शेवटच्या घरात राहत असे. आवाज मोठा, मन त्याहून मोठे. तिने एक कोंबडा पाळला होता. खाणीचा भोंगा पहाटेच वाजायचा, मग सगळी वस्ती उठायची, आणि तो कोंबडा, पहाट आपल्याविना झालीच कशी अशा विचारात पडल्यासारखा, आठ वाजता आरवायचा. एके सकाळी कवडूभाऊंनी ओट्यावरून आवाज दिला, "यमुनाबाई, तुहा कोंबडा ड्युटीले रोज उशीर करून राह्यला वो!"

"त्याची हजेरी कोन घेते, भाऊ? रिकामे बसले तं तुमीच घ्या ना!"

त्यांनी खरोखरच हजेरी घेतली. त्याच दुपारी ते माझ्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, वही घ्या. डोळ्याईनं माह्या लिवनं होत नाई आता." मी वही घेतली आणि त्यांनी सांगितले:

भोंगा वाजला गा, कोंबडा लाजला गा,
पहाट कोनं केली म्हून झगडा माजला गा.

त्यानंतर दोन महिन्यांत आठ गाणी झाली, सर्व शहराची. आमच्या नळावर बायका आपापल्या घागरी रांगेत ठेवून घरी जात आणि पाणी आले की धावत येत. ही गोष्ट मी वर्षानुवर्षे पाहत होते. त्यांनी सहा महिने पाहिली आणि लिहायला सांगितले:

घागरी बसल्या लायनीत गा, बाया बसल्या घरी,
इथी भांड्याले नंबर हाये, मानूस उभा दारी.

पाचवे गाणे लिहून घेताना माझा हात थांबला.

भित एकच दोघाईची गा, खोकला आयकू येते,
नाव इचाराले गेलो तं दार लावून घेते.

"हे कोणाबद्दल आहे, कवडूभाऊ?" मी विचारले.

"शहराबद्दल, बाई," ते चष्मा पुसत म्हणाले. माझ्याकडे त्यांनी पाहिले नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर मी दार उघडेच ठेवले. ते आले, उंबऱ्याशी थांबले आणि जणू पहिल्यांदाच येत असल्यासारखे म्हणाले, "बाई, नाव काय वो तुमचं?" मी म्हणाले, "सुमती. आत या, चहा घ्या." चहा घेताना मी सुचवले की आता ते कडवे बदलायला हरकत नसावी. त्यांनी मान हलवली. "बदलत नाई. जवा केलं तवा खरं होतं." माझ्यासाठी त्यांनी एवढेच केले की त्यानंतर ते कडवे म्हणताना ते हसत.

परकोटाच्या आत बबनभाऊंचे विजेच्या सामानाचे दुकान होते. त्यांच्याकडे चांगला टेप होता आणि ते कॅसेटी भरून विकत असत. शांताच्या नवऱ्याने त्यांना आणले. गाणी ऐकून बबनभाऊ खूश झाले, पण त्यांनी एक अट घातली. "तुमच्या जुन्या कॅसेटी आयकल्या मी. गानं एक नंबर, पन मागं सारा मच्छी बाजार! मी भरीन तं साफ भरीन."

"मानसं नाई तं मी गात नाई," कवडूभाऊ म्हणाले. "भितीले काय गानं म्हनू?"

दोघांचीही अट पाळता येईल अशी व्यवस्था मी केली. रविवारी शाळेचे प्रार्थना सभागृह मागून घेतले. माझ्या वर्गातली मुले बोलावली, लाईनच्या बायकांना निमंत्रण दिले. आणि कवडूभाऊ येण्यापूर्वी सर्वांना रांगेत बसवून सूचना दिल्या. गाणे चालू असताना कोणी बोलू नये, खोकला आल्यास बाहेर जावे, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कोणीही गाण्याची ओळ सोबत म्हणू नये; टेपवर नको तो आवाज येतो. मुलांना मी ओठांवर बोट ठेवायला सांगितले. यमुनाबाईने विचारले, "मनातल्या मनात म्हनलं तं चालते का, बाई?" मी म्हणाले, "मनातसुद्धा हळू."

सभा इतकी शांत मी त्यापूर्वी किंवा त्यानंतर पाहिली नाही. कवडूभाऊंनी खंजेरी घेतली आणि सुरुवात केली, "भोंगा वाजला गा—" ते थांबले. चाळीस मुले ओठांवर बोट ठेवून त्यांच्याकडे पाहत होती. बायकांनी पदर तोंडाशी धरले होते. क्षणभर वाट पाहून त्यांनी ओळ स्वतःच पूर्ण केली. पुन्हा टाकली, पुन्हा थांबले, पुन्हा स्वतःच उचलली. तिसऱ्या गाण्यापासून त्यांचा आवाज खाली येऊ लागला. सहाव्यापासून त्यांनी थांबणेच सोडून दिले. मी दाराशी उभी होते आणि शिस्तीकडे पाहून मला अभिमान वाटत होता. शेवटी मी हात वर केला, तशा मुलांनी आमच्या शाळेच्या ठरलेल्या टाळ्या वाजवल्या: एक-दोन-तीन, एक-दोन-तीन.

कवडूभाऊंनी खंजेरी दुपट्ट्यात गुंडाळली. "बबनभाऊ, पुसून टाका ते."

"काऊन?" बबनभाऊ दचकलेच. "असं रेकॉर्डिंग मी जन्मात नाई केलं! सुई पडली तरी आयकू येईन."

"तेच म्हनून राह्यलो. सुईच आयकू येते. मानूस नाई येत."

मला वाटले, थकले असतील. वाटेत मी म्हणाले, "टाळ्या तर छान पडल्या." ते म्हणाले, "टाळी म्हंजे काय, बाई? बस झालं, उठा आता."

सोमवारी साडेतीनला मी शाळेतून परतले तेव्हा शांता माझ्या दारात बसली होती. तिचे डोळे सुजले होते. "बाबा गावाले चालला. संध्याकाळच्या गाडीनं. रिक्षा सांगून आला. तिथी चूल कोन पेटवन, बाई? डोळ्याईनं दिसत नाई. पुन्हा बांधीत पडला तं आता कोन पाहाले जाईन?" मी वह्यांची पिशवी तिच्याजवळच ठेवली आणि आत गेले.

कवडूभाऊ खाटेवर बसून गाठोडे बांधत होते. मी गाण्यांचा विषय काढला नाही, तरी तेच म्हणाले, "आठ गानी, बाई. आठी मेली. तीन दिवस कायची वाट पाहू? येवढी मानसं समोर बसून कोनी येक ओळ उचलली नाई. या शहरात मले मेलेलं गानं गाडाले बांधीबी नाई. काऊन राहू मी इथी?"

तेव्हा कुठे मला माझी चूक दिसली. वहीतली लाल रेघ डोळ्यांसमोर आली. ज्या माणसाची गाणी ऐकणाऱ्यांच्या तोंडून जगतात, त्याच्यासमोर मी चाळीस मुलांना आणि बारा बायकांना तोंड मिटून बसवले होते. मी वर्गात वारंवार सांगत असे की पाठ होणे आणि समजणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ते वाक्य मी त्या दिवशी प्रथमच समजून घेतले.

"कवडूभाऊ, दोष माझा आहे," मी म्हणाले. "तुम्ही येण्यापूर्वी मीच सर्वांना सांगितले होते की ओळ म्हणायची नाही. टेप साफ यावा म्हणून."

त्यांनी गाठ बांधायची थांबवली आणि माझ्याकडे नीट पाहिले. मग ते हसले. पण ते हसू मला आवडले नाही. "तुमी सांगतलं, अन् यमुनाबाई आयकली?"

"हो."

"बारा बाया येका ठिकानी घंटाभर गप बसल्या? कोनी सांगतलं म्हून?" ते पुन्हा गाठोड्याकडे वळले. "मन राखाले खोटं नका बोलू, बाई. तुमाले शोभत नाई."

आयुष्यभर मुलांना खरे बोलायला शिकवले आणि माझे सर्वांत खरे वाक्य कोणी मानायला तयार नव्हते. मी म्हणाले, "बायका आत्ता नळावर आहेत. मी बोलावते. त्यांच्याच तोंडून ऐका."

"नका बोलावू. बोलावून उचललं, तं ते उचललं नाई होत."

त्यांचा नियम बरोबर होता. मोडला होता तो मी. शांता दाराशी येऊन उभी राहिली. कवडूभाऊंनी गाठोडे उचलून पाहिले, जड झाले म्हणून सोडले आणि त्यातून पितळी तांब्या बाहेर काढून ठेवला. बाहेर नळाला पाणी आले होते. घागरींचा आवाज येत होता.

तेवढ्यात खाणीचा चारचा भोंगा वाजला. रोजचाच होता, लांब, घोगरा, पाळी बदलल्याचा. तो संपला, आणि त्याच क्षणी नळाकडून पाच-सहा बायकांचे आवाज एकदम आले:

"कोंबडा लाजला गा—!"

आणि पाठोपाठ मोठे हसू. त्यातही यमुनाबाईचे सगळ्यांत मोठे. मग कोणीतरी घागरीवर ताल धरला आणि झगडा माजल्याची ओळही सगळ्यांनी मिळून म्हटली.

कवडूभाऊ तांब्या हातात धरून उभेच राहिले. "या बायायले कोनं शिकवलं?" त्यांनी हळूच विचारले.

"कोणीच नाही," मी म्हणाले. "काल एकदा ऐकले तेवढेच."

"सकाळपासून हेच चालू हाये," शांता डोळे पुसत म्हणाली. "दर भोंग्याले. तुमी दार लावून बसले, बाबा, म्हून आयकू नाई आलं. काऊन चालले ते मले सांगतलं असतं, तं मीच सांगतलं असतं."

ते बाहेर ओट्यावर गेले. बायकांना हाक मारली नाही, त्यांच्याकडे पाहिलेही नाही. आकाशाकडे पाहत, कोणाला सांगत नसल्यासारखी, त्यांनी अर्धी ओळ टाकली, "घागरी बसल्या लायनीत गा—"

"बाया बसल्या घरी!" नळावरून उत्तर आले. मग यमुनाबाई ओरडली, "काल तुमच्या बाईनं तोंडं दाबून बसवलं ना आमाले, भाऊ! पोटात गुडगुड करून राह्यलं होतं, आता निंघून राह्यलं! बाई हायेत का तिथी? असन तं आमी गप बसतो वो!"

"नाई, नाई! बसू नका!" मी इतक्या मोठ्याने ओरडले की 'नाही'चे 'नाई' झाल्याचे माझ्या नंतर लक्षात आले.

कवडूभाऊ ओट्यावर बसले. गुडघ्यांवर हात ठेवून ते मला म्हणाले, "बाई, तुमचा धाक लय मोठा हाये. बांधीत असत्या तं रोवना दोन दिवसांत उरकला असता." शांता हसता हसता रडू लागली. थोड्या वेळाने रिक्षावाला आला. त्याला चहा दिला आणि गाडीला जायचे नाही असे सांगितले. चहा पिताना त्याने नळावर काय चालले आहे ते विचारले आणि दुसरे गाणे ऐकून मगच तो गेला.

पुढच्या रविवारी गाणी पुन्हा भरली, सभागृहात नाही तर ओट्यावरच. बबनभाऊंनी कपाळाला हात लावला. "पानी पडते, पोरगं रडते, घागर वाजते, मी काय भरू?" कवडूभाऊ म्हणाले, "सारं भरा. शहर भरून राह्यले ना तुमी?" या वेळी मी कोणाला कोणतीही सूचना दिली नाही. माझी मुले आधी सवयीने ओठांवर बोट ठेवूनच बसली होती. तिसऱ्या ओळीला एकेक बोट खाली आले. दुसऱ्या गाण्यात घागर भरत आल्याचा आवाज स्पष्ट ऐकू येतो. पाचव्या गाण्यात खोकल्याच्या ओळीवर कोणीतरी खरेच खोकते. ती मीच आहे. धूळ होती त्या दिवशी. कॅसेटवर नाव छापले होते 'शहरात आलो गा', आणि फोटोत कवडूभाऊ असे रागावून पाहत आहेत की जणू कॅमेऱ्यानेच ओळ उचलली नाही.

ते त्यानंतर सहा वर्षे भिंतीपलीकडे राहिले, आणखी गाणी केली, आणि एका दुपारी जेवून झोपले ते उठले नाहीत. शांता म्हणते, बाबाने त्रास दिला नाही कोणाला. ते खरे आहे. पण त्यांची आठवण निघाली की मला तो दिवस आठवत नाही. आठवतो तो कॅसेट निघाल्यानंतरच्या उन्हाळ्यातला एक दिवस.

त्या उन्हाळ्यात पेपर तपासण्याच्या कामाला मी आठ दिवस अहेरीला होते. शनिवारी आठवडी बाजारात चारोळी घ्यायला गेले. जवळच्या चहाच्या टपरीवर आमची कॅसेट लागली होती. चंद्रपूरचा नळ अहेरीच्या बाजारात वाहताना ऐकून मी थांबले. चारोळी विकणारी बाई मापे भरता भरता ओळी उचलत होती. ती जवळच्या जंगलातल्या खेड्यातली होती. शेजारणीशी गोंडीत बोलत होती, माझ्याशी मराठीत. कॅसेटवरचे गाणे संपले, पण ती थांबली नाही. तिने त्याच चालीवर आणखी एक कडवे म्हटले:

साग निंघाला शहराले गा, अंगावर नंबर आला,
जंगलात होता झाड म्हून, डेपोत लाकूड झाला.

"हे कडवे कॅसेटवर नाही," मी म्हणाले. माझ्याकडे मूळ वही आहे, हेही मी तिला सांगणार होते.

"हाये, बाई. पयलेपासून असंच हाये गानं." तिने चारोळी माझ्या पिशवीत ओतली. "कॅसेटवाला बुढा इसरला वाटते."

परतताना बसमध्ये मी ते कडवे लिहून घेतले, पण मनात धाकधूक होती. ज्या माणसाने स्वतःची एक ओळ माझ्यासाठी बदलली नाही, त्याला हे कसे रुचेल? तरी ते लपवणे योग्य नव्हते. घरी पोहोचले, पिशवी ठेवली आणि ओट्यावर जाऊन त्यांना सगळे क्रमाने सांगितले. बाजार, टपरी, ती बाई, मग कडवे वाचून दाखवले.

त्यांनी ते दोनदा वाचायला लावले. "डेपोत लाकूड झाला," ते पुटपुटले. चष्मा काढून हातात घेतला. मग विचारले, "अन् काय म्हनली ती? बुढा इसरला?"

"असे म्हणाली खरी. मी तिला समजावून सांगणार होते, पण..."

"नाई सांगतलं ना?"

"नाही."

"बरं केलं." त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण एकदम उतरला. "इसरलोच होतो मी, बाई. माह्या गान्यात शहराले आलेले सारे हायेत, फक्त साग इसरलो. लायनीतल्या दारायचं लाकूड काय आभाळातून पडलं? तिले याद राह्यलं, बरं झालं." आणि मांडी सावरून, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून ते माझ्यासमोर ताठ बसले. "शिकवा आता मले."

मी पहिली ओळ सांगितली, त्यांनी म्हटली. दुसरी ओळ सांगितली, त्यात ते 'जंगलात'च्या जागी 'रानात' म्हणाले. मी सवयीने थांबवले. "जंगलात," मी म्हणाले, "तिने जंगलात म्हटले आहे." "होय, बाई," ते म्हणाले, आणि पुन्हा सुरुवातीपासून म्हणू लागले. तिसऱ्या वेळी त्यांना ते बिनचूक आले.